म्हाताऱ्या माणसांचं बाथरूम: लाद्या फोडण्याआधी दाराची कडी बदला

घरातलं कुणी बाथरूममध्ये घसरून पडलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतात त्या लाद्या. गवंडी बोलावला जातो, आठ-दहा दिवस घरभर धूळ होते, खडबडीत टाइल बसतात. दार मात्र आत उघडणारंच राहतं, कमोडची उंची तीच राहते आणि भिंतीला धरायला काही नसतं. ओली फरशी धोक्याची आहेच. पण माणूस तोल गमावतो तो बहुतेक वेळा बसताना, उठताना, वळताना, नाहीतर एका पायावर उभं राहून पायजमा किंवा परकर चढवताना. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी दार, मग उठबस, मग आंघोळीची जागा आणि त्यानंतर फरशी. यातलं निम्मं काम लादी न फोडता होतं.

आधी नुसतं बघा

प्लंबरला फोन करण्याआधी आजी किंवा आजोबांना कोरड्या बाथरूममध्ये, अंगावरच्या कपड्यांनिशी, रोजचा सगळा क्रम करून दाखवायला सांगा. पलंगावरून उठणं, दार उघडणं, उंबरा ओलांडणं, कमोडवर बसणं, उठणं, वळून नळापाशी जाणं. तुम्ही फक्त हाताकडे लक्ष ठेवा. हात आपोआप कशाचा आधार शोधतो? बेसिनची कड, नळ, टॉवेलचा दांडा, दाराचं हँडल. जिथे जिथे हात जातो तिथे खडूने खूण करा. आधाराचे दांडे तिथेच लागणार आहेत.

बेसिन दोन बोल्टवर टांगलेलं असतं, त्याच्यावर भार देऊन उठणाऱ्याबरोबर ते खाली येऊ शकतं. नळाला ओढलं तर भिंतीतला सीपीव्हीसी पाइप आतल्या आत तडकतो. टॉवेलचा दांडा तर टॉवेलापुरताच. या तिन्ही गोष्टींना आधार म्हणून हात लागायची वेळच येऊ नये, अशी मांडणी करायची आहे.

दार आणि उंबरा

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार सव्वादोन ते अडीच फुटांचं असतं आणि ते आत उघडतं. आत माणूस पडला की त्याचं अंगच दाराला आडवं येतं. त्यात आतून कडी असली तर दार तोडण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून पहिलं काम: वरची कडी आणि खालचा बोल्ट दोन्ही काढून टाका. त्याजागी बाहेरच्या बाजूला नाणं घालून फिरवता येईल अशी खाच असलेलं बाथरूमचं कुलूप बसवा. सुताराचं तासाभराचं काम आहे. कुलूप लावायला ज्येष्ठांचा नकार नसतो, कडी काढायला असतो, कारण कुणी आत आलं तर काय ही लाज. दाराबाहेर ‘आत आहे’ अशी उलटी-सुलटी करता येणारी पाटी टांगली की बराचसा वाद मिटतो.

दार बाहेर उघडणारं करणं त्याहून चांगलं. पण बिजागऱ्या नुसत्या दुसऱ्या बाजूला लावून भागत नाही. चौकटीला आतल्या बाजूने खाच असते, दार तिच्यात बसतं. बाहेर उघडायचं तर ती खाच पट्टी मारून भरावी लागते आणि बाहेरच्या कडेला नवी खाच किंवा अडणी करावी लागते. लाकडी चौकटीत हे जमतं, ग्रॅनाइटच्या चौकटीत जमणं कठीण. तिथे भिंतीच्या बाहेरून सरकणारं, वरच्या पट्टीवर टांगलेलं दार बसवा. बाहेरचा पॅसेज अरुंद असेल तरी हेच बरं, नाहीतर बाहेर उघडलेलं दार तिथून जाणाऱ्याच्या अंगावर येतं.

वॉकर वापरत असतील तर वॉकरची रुंदी मोजा, साधारण ५५ ते ६० सेंमी भरते. दाराची रुंदी चौकट ते चौकट न मोजता दार उघडल्यावर मोकळी उरणारी जागा मोजा. अर्धवट उघडणारं दार चार-पाच सेंमी खातं आणि वॉकर नेमका तिथे अडतो. व्हीलचेअर आत न्यायची तर ८० सेंमीच्या वर मोकळी जागा हवी आणि आत वळवायला दीड मीटरचं वर्तुळ. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये तेवढी जागा कुठून येणार? अशा घरात व्हीलचेअर दाराबाहेर थांबवायची आणि चाकांची, मध्ये भोक असलेली कमोड-खुर्ची आत न्यायची. ती अरुंद असते, कमोडवर थेट सरकते आणि तिच्यावर बसूनच आंघोळही होते. विकत घेण्याआधी कमोडचं झाकण-सीट काढून भांड्याची उंची मोजा. खुर्चीच्या खालची मोकळी उंची त्याहून किमान एक सेंमी जास्त हवी. चाकांना ब्रेक चारही असावेत.

पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला ग्रॅनाइटचा उंबरा दोन ते पाच सेंमी उंच असतो. पाय उचलून न चालता घासत चालणाऱ्याला दोन सेंमीही पुरतात अडखळायला. उंबरा कापून १२ मिमीपर्यंत आणा आणि कडा गोल करून घ्या. आतला ढाळ नीट असेल तर तेवढ्यावर पाणी अडतं. बाथरूमची फरशी बाहेरपेक्षा पाच सेंमी खाली असेल, तर चालणाऱ्या माणसासाठी तिथे छोटा तीव्र उतार करू नका, तो पायरीपेक्षा वाईट. पायरी राहू द्या, कडेला पिवळी किंवा गडद पट्टी लावा आणि शेजारी उभा दांडा. चाकांच्या खुर्चीसाठी उतार करायचाच तर एकास बारा धरा, म्हणजे पाच सेंमीला ६० सेंमी लांबी.

कमोडची उंची

खुर्चीवर बसवून, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले असताना, गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. बाथरूममध्ये चप्पल घालत असतील तर चपलेसकट. ही उंची अधिक दोन-तीन सेंमी, इतकी कमोडच्या सीटची उंची हवी. साधा कमोड सुमारे ४० सेंमीचा असतो. गुडघे दुखणाऱ्या बहुतेकांना ४५ ते ४८ लागतात. फरक भरून काढायला दोन, चार, सहा इंचांच्या उंच सीट मिळतात. ज्यांना दोन्ही बाजूंनी स्क्रूने आवळायची पकड असते त्याच घ्या, नुसत्या वर ठेवायच्या सीट बसताना सरकतात. जास्त उंच म्हणजे जास्त सोयीचं असं समजून बुटक्या आजींसाठी सहा इंचांची सीट आणली, तर पाय लोंबकळतात, पोटावर जोर येत नाही आणि उतरताना त्या पुढे सरकून पडू शकतात.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आपण पाण्याने धुतो. उंच सीट पुढून बंद गोल असेल तर हात आत जात नाही आणि माणूस एका बाजूला कलंडून धुवायचा प्रयत्न करतो. पुढे खाच असलेली सीट घ्या. जेट स्प्रेची नळी बळकट हाताच्या बाजूला, बसल्या जागी कोपर न ताणता पोचेल अशी लावा. अँगल कॉक (नळीला पाणी देणारी भिंतीवरची छोटी तोटी) थोडा बंद करून पाण्याचा जोर कमी करा. नळी फरशीवर लोळत असेल तर आधी तिची लांबी कमी करा.

भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि तोडफोड शक्य नसेल, तर मध्ये भोक असलेलं कमोड-स्टूल भांड्यावर ठेवता येतं. चारही पाय सपाट फरशीवर टेकले पाहिजेत, एकही पाय पावलाच्या उंचवट्यावर किंवा भांड्याच्या कडेवर आला तर स्टूल डुगडुगतं. पाय एल-क्लॅम्पने फरशीला पक्के करून घेतले तर उत्तम. चाळीत संडास सामायिक असेल तर घरातच खाली भांडं असलेली कमोड-खुर्ची, तीही निदान रात्रीपुरती.

भांडं काढून कमोड बसवायचाच असेल तर घाई करू नका. भांडं फोडलं की त्याखालचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्यांच्या छताला ओल धरते. खराब झालेला थर नीट केल्यावर, लादी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन बघा. कमोड खरेदीआधी ड्रेनेजचं तोंड कुठे आहे ते मोजा. तोंड फरशीत असेल तर एस-ट्रॅप, मागच्या भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंत ९ किंवा १२ इंच. भिंतीत असेल तर पी-ट्रॅप, फरशीपासून मध्यापर्यंत साधारण १८ सेंमी. दोन्ही मापं तयार लादीपासूनची असतात. प्लास्टरपासून मोजून आणलेला कमोड बसवताना भिंतीला घासतो, नाहीतर मागे फट ठेवतो.

आधाराचे दांडे

दांडा स्टेनलेस स्टीलचा, ३०४ ग्रेडचा, ३२ ते ४० मिमी जाडीचा. भिंत आणि दांडा यात चार सेंमीची फट. त्याहून कमी असली तर बोटं अडकतात, बरीच जास्त असली तर हात घसरून कोपरापर्यंत आत जातो. गुळगुळीत चकाकीपेक्षा खरबरीत पृष्ठभाग घ्या, साबणाच्या हातात तोच टिकतो. हवा दाबून बाहेर काढल्यावर लादीला चिकटणाऱ्या रबरी चकत्यांचे दांडे घेऊच नका. लादीच्या सांध्यातून हवा शिरली की ते सुटतात, आणि सुटतात ते नेमके कुणीतरी भार टाकल्यावर.

कमोडशेजारच्या भिंतीला आडवा दांडा, फरशीपासून ७० ते ७५ सेंमीवर, किमान ६० सेंमी लांब. त्याच्या पुढच्या टोकाला, कमोडच्या पुढच्या कडेपासून १५-२० सेंमी पुढे, एक उभा. आडव्यावर दाबून उठायचं, उभा धरून सरळ व्हायचं. हे आकडे सुरुवातीचे. शेवटची जागा खडूची खूण ठरवेल, कारण पावणेपाच फुटांच्या आजींचा आणि पावणेसहा फुटांच्या आजोबांचा हात एका उंचीवर जात नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसासाठी दांडा चांगल्या हाताच्या बाजूलाच. भिंत कमोडच्या मध्यापासून ४५ सेंमीहून लांब असेल तर तिच्यावरचा दांडा दाबायला उपयोगी पडत नाही. मग मागच्या भिंतीला लावायचा, वर उचलून ठेवता येणारा दांडा, किंवा कमोडभोवती ठेवायची दोन हातांची चौकट.

आता बसवणं. चुका इथेच जास्त होतात, कारण दांडा चांगला असला तरी भिंत कशाची आहे हे कुणी विचारत नाही. ॲल्युमिनियम शटरिंगने बांधलेल्या नव्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे ८ मिमीचे अँकर फास्टनर उत्तम बसतात. जुन्या इमारतींत नऊ इंची विटांची भिंत असेल तर १० मिमीची नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायचा, स्क्रू धरून ठेवणारा प्लग) आणि किमान ७५ मिमीचा स्टेनलेस स्क्रू चालतो. चार इंची विटांच्या भिंतीवर किंवा वजनाला हलक्या एएसी ब्लॉकवर साधी गिट्टी धरत नाही, वीट फुटते किंवा ब्लॉकचा भुगा होतो. तिथे आरपार बोल्ट टाका आणि पलीकडच्या खोलीत लोखंडी पट्टी देऊन नट आवळा. पलीकडे दिसतं, पण टिकतं. नाहीतर केमिकल अँकर: भोक पाडून ब्रश आणि पंपाने धूळ पूर्ण काढायची, मसाला भरायचा, रॉड फिरवत आत घालायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. धूळ राहिली तर मसाला भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतो.

भोक पाडण्याआधी लादीवर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला तर जागा बदला. नळाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत पाइप असण्याची शक्यता धरा, गिझरच्या पॉइंटपासून बटनापर्यंत वायर. मेन बंद करा. खुणेवर कागदी टेप लावा म्हणजे ड्रिलची बिट घसरत नाही. लादीतून जाताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद, वेग कमी. भाल्याच्या टोकाची बिट साध्या लादीला पुरते, व्हिट्रिफाइडला डायमंड बिट लागते. लादी पार झाल्यावरच भिंतीसाठीची बिट लावून हॅमर सुरू करा. लादी आणि तिच्यामागचा सिमेंटचा थर मिळून पाऊण ते एक इंच होतो आणि गिट्टी त्याच्याही पलीकडे, विटेत बसायला हवी. गिट्टीचं तोंड लादीत राहिलं तर स्क्रू आवळताना ती फुगते आणि लादी तडकते. म्हणून गिट्टी हातोडी आणि जाड खिळ्याने लादीच्या आत ढकला. स्क्रू घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर आंघोळीचं पाणी भिंतीत उतरतं. वापरायला देण्याआधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दांड्याला पूर्ण लोंबकळून बघावं. किंचित जरी हलला तरी काढून पुन्हा बसवा.

आंघोळ

पाटावर बसून तांब्याने आंघोळ करणाऱ्यांची संख्या अजून मोठी आहे. पाट जमिनीपासून दोन-तीन इंचांवर असतो. बसायला जमतं, उठायला नाही. साबणाच्या पाण्यात लाकूड बुळबुळीत होतं ते वेगळंच. पाट काढा आणि ४२ ते ४५ सेंमी उंचीचं, रबरी पायांचं ॲल्युमिनियमचं आंघोळीचं स्टूल आणा. पाठ आणि हात असलेलं असेल तर जास्त बरं. घरातलं प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, त्याचे पाय ओल्या लादीवर पसरतात.

स्टूल आणलं आणि बादली जमिनीवरच राहिली, तर प्रत्येक तांब्याला वाकावं लागतं आणि वाकल्यावर चक्कर येते. बादलीही २५-३० सेंमी उंच, पक्क्या घडवंचीवर ठेवा. ती नळाखालीच असावी, भरलेली बादली सरकवायची वेळ येऊ नये. हँडशॉवर लावत असाल तर दीड मीटरची नळी, बसूनच हाताला येईल असा हुक आणि हातातच बंद करता येणारं बटन. साबण, तेल, मग हे सगळं खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. साबण निसटला तर वाकून उचलू नये म्हणून जवळ दुसरी वडी ठेवा.

तेल चोळून आंघोळ करणाऱ्यांसाठी, मग ती रविवारची असो की नरक चतुर्दशीची, तेल बाहेरच्या खोलीत खुर्चीवर लावावं, जास्तीचं पुसून काढावं आणि पावलांना तेल अजिबात नको. उटण्याचा थर फरशीवर राहतो, आंघोळ झाली की कुणीतरी लगेच गरम पाणी आणि साबणाने ती जागा धुवावी. अंग पुसणं आणि कपडे घालणंही त्याच स्टुलावर बसून. उभ्याने पायजमा घालण्याची सवय मोडायला थोडा आग्रह धरावा लागतो.

गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला ते उशिरा कळतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम घरात सगळ्यांनीच पाळा. बटन बाहेर, लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासलेलं. बादलीत सोडायचा हीटरचा रॉड बाथरूममधून हद्दपार करा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो आधी बाहेर काढा. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस न कळता बेशुद्ध पडतो. बाल्कनीत बसवून गरम पाण्याचा पाइप आत आणता येतो.

फरशी

आता लाद्या. बदलायच्याच असतील तर मॅट, एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान. जितके सांधे जास्त तितकी पकड जास्त. टाइलला आर १०, आर ११ असे घसरण-रोधाचे आकडे असतात, ते बूट घातलेल्या पायांसाठीचे. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते, तिथे किमान बी बघा. ढाळ जाळीकडे एक मीटरला एक सेंमीच्या आसपास. त्याहून कमी झाला तर पाणी साचतं, फार जास्त झाला तर स्टूल कलतं.

लाद्या न बदलता करण्यासारखं आधी करून बघा. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि साबण यांचा थर हाच बऱ्याचदा घसरतो, टाइल नाही. ब्रश आणि डिटर्जंटने आठवड्यातून दोनदा घासा. ॲसिडने सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं आणि मग पाणी खाली झिरपतं. रबरी चकत्यांची मॅट गुळगुळीत लादीवर धरते, खडबडीत लादीवर चकत्या चिकटतच नाहीत आणि मॅटच सरकते. दाराबाहेरचं सुती पायपुसणं पॉलिश फरशीवर घसरतं. ते फेकून खाली रबर असलेलं घ्या. झिजलेल्या हवाई चपलांचंही तेच.

रात्र

बरेचसे प्रसंग रात्रीच्या लघवीच्या वेळी घडतात. पलंगावरून उठून मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं, कारण एकदम उठल्याने रक्तदाब उतरतो. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिलेली असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचाल टिपून लागणारे छोटे दिवे जमिनीलगत लावा, डोळ्यांवर येणारे नकोत. मोतीबिंदू असलेल्याला पांढऱ्या लादीवर पांढरा कमोड नीट दिसत नाही. सीट गडद रंगाची घ्या, दांड्यावर रंगीत टेप गुंडाळा.

बिनतारी बेलचं बटन कमोडशेजारी लावतात ते ठीक, पण पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. दुसरं बटन फरशीपासून २०-३० सेंमीवर लावा. दोन्ही पाण्याला दाद न देणारी हवीत. कुणी पडलंच तर काखेत हात घालून उचलायची घाई नको. कंबर किंवा मांडी दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला लागलं असेल, तर हलवू नका. चादर पांघरून अँब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

दर महिन्याला स्टुलाचे आणि कमोड-खुर्चीचे रबरी बूट उलटे करून बघा. तळ गुळगुळीत झाला किंवा धातू दिसू लागला की चारही एकदम बदला, एक-दोन बदलले तर स्टूल तिरकं होतं. वॉकरचे बूटही त्याच दिवशी बघा. दांड्यांचे स्क्रू आवळून घ्या, उंच सीटची पकड तपासा, बेलचा सेल बदला.